नेरळ-माथेरानची छोटी गाडी



आपण मुंबईहून कर्जतकडे जाताना नेरळ स्टेशनावर कधी ना कधी उतरला असाल. पुढच्या वेळी उतराल तेव्हा घाई करू नका. एका बाजूस मोठ्या गाडीचे रूळ आहेत, त्यांच्यातील अंतर १६७६ मिलिमीटर. जवळच छोट्या गाडीचे रूळ आहेत, त्यांच्यातील अंतर अवघे ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. हे दोन्ही मार्ग थोडे अंतर शेजारी शेजारी धावतात आणि मग धाकटा भाऊ वळून डोंगराकडे निघून जातो.

मागे वर्गाची सहल घेऊन गेलो असता मी मुलांना विचारले, "ही रेल्वे कोणी बांधली?" सर्वांनी एकमुखाने उत्तर दिले, "इंग्रजांनी!" शिक्षक म्हणून मला त्या उत्तराची लाज वाटली, कारण मीही त्यांना कधी वेगळे सांगितले नव्हते. ही रेल्वे बांधली ती मुंबईच्या बोहरा समाजातील अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. पैसा घातला त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी. खर्च आला सोळा लाख रुपये, आणि तोही त्या काळचा! १९०४ साली काम सुरू झाले व २२ मार्च १९०७ रोजी मार्ग खुला झाला. थोरले पीरभॉय माथेरानास निघाले असता त्यांना वर जाण्यास वाहन मिळाले नाही, म्हणून त्यांनी रेल्वेच बांधण्याचे ठरविले, अशी एक कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, रूळ मात्र खरे आहेत. ज्या मजुरांनी खडक फोडला त्यांची नावे तर कथेतही नाहीत.

आता हे काम किती अवघड होते ते पाहा. मार्ग सुमारे २१ किलोमीटरचा. चढ काही ठिकाणी वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेले की एक फूट वर. जुम्मापट्टीच्या पुढे माउंट बॅरीचा कडा आडवा येतो. तेथे गाडी उलटी फिरवावी लागू नये म्हणून मोठा भराव घालून घोड्याच्या नालेसारखे वळण केले आहे. पुढे मार्गावरील एकमेव बोगदा लागतो. तो इतका आखूड आहे की त्याचे नाव 'वन किस टनेल' पडले. (मुले हे नाव ऐकून हसतात, हसू द्यावे.) वॉटर पाईप हे स्टेशनाचे नाव तर वाफेच्या दिवसांचीच आठवण आहे.

अशा वळणांवर साधे इंजिन अडकले असते. म्हणून जर्मनीतील ओरेनस्टाईन अँड कॉपेल कंपनीकडून खास इंजिने आणली. त्यांच्या टोकाच्या चाकांचा आस पोकळ नळीसारखा असून तो आतल्या आसाभोवती किंचित वळू शके. त्यामुळे आतला आस जागचा न हलता चाके वळणाबरोबर वळत. १९५५ च्या सुमारास डिझेल आले आणि १९८० च्या दशकात वाफेचा नियमित कारभार संपला. त्या इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. एक तर इंग्लंडात गेले!

मार्ग मात्र डोंगरावरच राहिला आणि डोंगराचा मार खात राहिला. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तो वाहून गेला, २००७ साली पुन्हा सुरू झाला. २०१६ साली डबे घसरले म्हणून गाडी बंद पडली. २०१९ च्या पावसाने पुन्हा घात केला आणि २२ ऑक्टोबर २०२२ पर्यंत नेरळहून वर गाडी गेली नाही. माथेरानात मोटारी चालत नाहीत. दस्तुरी नाक्यापुढे माल घोड्यावर, हातगाडीवर किंवा माणसाच्या डोक्यावर जातो. गाडी बंद म्हणजे तेथील माणसांना काय, याचा विचार पर्यटक सहसा करीत नाहीत.

पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते, तेव्हा अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालते. म्हणून हिवाळ्यात जा. मुलांजवळ वही-पेन्सिल द्या व वळणे मोजायला सांगा. माझ्या वर्गातील एका मुलाचा आकडा जुम्मापट्टीच्या पुढेच चुकला आणि त्याने मोजणे सोडून खिडकीबाहेर पाहणे पसंत केले.