सयामची बरणी आणि लंडनची काच : बेट्टा माशाच्या हिरव्या टाकीचा इतिहास

पहिल्यांदाच मासा पाळणाऱ्यासाठी आज जी टाकी सुचवली जाते तिची मांडणी साधी असते : वीस-पंचवीस लिटर पाणी, तळाशी मातीचा पातळ थर आणि त्यावर वाळू, मंद उजेडात तग धरणाऱ्या काही पाणवनस्पती, आणि या सगळ्यात एकटा राहणारा बेट्टा मासा, ज्याला मुंबई-पुण्याच्या बाजारात ‘फायटर’ म्हणून ओळखतात. या मांडणीत दोन स्वतंत्र इतिहास एकत्र आलेले आहेत. त्यांपैकी एक सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, झुंजीसाठी बरणीत ठेवलेल्या माशाचा आहे आणि दुसरा एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये काचेच्या पेटीत वाढवलेल्या वनस्पतींचा आहे. पहिल्याने मासा दिला, दुसऱ्याने बंदिस्त पाणी शुद्ध राखण्याची रीत दिली. परंतु या दोहोंची नीट सांगड बसायला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्या काळात माशाची सहनशक्ती हीच त्याची गरज आहे असा समज जगभर रुजला. छोट्या हिरव्या टाकीचा इतिहास हा मुख्यतः तो समज दुरुस्त होत गेल्याचा इतिहास आहे.

या समजाचे मूळ माशाच्या शरीररचनेत आहे. बेट्टा हा मूळचा चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातील भातखाचरे, दलदली आणि संथ पाण्याचे पाट यांतला मासा असून, अशा उथळ, उबदार आणि वनस्पतींनी गच्च भरलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू बऱ्याचदा अपुरा पडतो. त्यामुळे या माशाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूस, घड्याघड्यांचे आणि रक्तवाहिन्यांनी भरलेले एक इंद्रिय विकसित झाले आहे. त्याला चक्रव्यूह-इंद्रिय म्हणता येईल, कारण त्याची रचना आत वळत गेलेल्या वाटांसारखी दिसते. मासा पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि या इंद्रियातून प्राणवायू रक्तात शोषला जातो. नर याच हवेचे लाळेने वेढलेले बुडबुडे तरंगत्या पानांखाली जमवून घरटे बांधतो, मादीने घातलेली अंडी तोंडाने उचलून त्यात ठेवतो आणि पिले स्वतंत्रपणे पोहू लागेपर्यंत राखण करतो. पाणी उथळ असले तरी खाचर विस्तीर्ण असते, आणि दोन नरांची गाठ पडल्यास हरलेल्याला पळून जायला जागा असते. या दोन गोष्टींकडे माणसाचे पुढे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले.

थाई भाषेत या माशाला ‘प्ला कात’, म्हणजे चावणारा मासा, असे म्हणतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार तो निदान चारशे वर्षांपूर्वीच माणसाळला होता, म्हणजे युरोपीय अभ्यासकांना त्याची ओळख होण्याच्या कितीतरी आधीपासून सयामचे लोक निवडीने त्याची पैदास करीत होते. ही निवड रंगासाठी नसून झुंजीतील चिकाटीसाठी होती. रानातला नर थोड्याच वेळात माघार घेतो, तर निवडीने वाढवलेला नर तासन्‌तास झुंजत राहतो. झुंजींवर पैजा लागत आणि त्या भरवण्याचा परवाना मक्त्याने दिला जाई, ज्यातून सयामच्या राजाला बऱ्यापैकी महसूल मिळे, अशी नोंद थिओडोर कँटर यांनी करून ठेवली आहे. कँटर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेतले डॅनिश वैद्य आणि प्राणिशास्त्रज्ञ होते. १८४९ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या नियतकालिकात मलायातील माशांची सूची प्रसिद्ध करताना त्यांनी या माशाचे वर्णन ‘मॅक्रोपोडस पुग्नॅक्स’ या नावाखाली केले. परंतु झुंजीचा मासा हा वेगळ्या जातीचा आहे, हे लंडनमधील ब्रिटिश म्युझियमचे चार्ल्स टेट रेगन यांच्या लक्षात आले आणि १९१० मध्ये त्यांनी त्याला ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे आजही प्रचलित असलेले शास्त्रीय नाव दिले.

सयामी पालकांच्या पद्धतीत बरणी होती, हे खरे आहे. दोन नर एकत्र ठेवता येत नाहीत, म्हणून प्रत्येकाला वेगळी बरणी देणे ही व्यवसायाची गरज होती. पण त्या बरणीमागे रोजची मेहनत होती : पाणी हाताने बदलले जाई, उष्ण हवामानामुळे ते आपोआप कोमट राही आणि त्यात वाळलेली पाने घातली जात. आग्नेय आशियात आजही यासाठी देशी बदामाची पाने वापरतात. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईच्या रस्त्यांच्या कडेला सर्रास दिसणाऱ्या आणि पाने गळण्यापूर्वी तांबड्या होणाऱ्या याच झाडाच्या पानांतून टॅनिन नावाची तुरट द्रव्ये पाण्यात उतरतात, पाण्याला चहासारखा रंग येतो आणि ते किंचित आम्लधर्मी होते. बरणी ही, थोडक्यात, जाणत्या हातांच्या देखरेखीखाली चालणारी व्यवस्था होती. मासा जेव्हा सयामबाहेर गेला, तेव्हा बरणी त्याच्याबरोबर गेली. हात, हवामान आणि पाने मात्र मागेच राहिली.

दुसऱ्या इतिहासाचा आरंभ पाण्यात नव्हे तर ओलसर मातीत झाला. १८२९ च्या सुमारास लंडनचे वैद्य नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांना असे दिसले की, पतंगाचा कोश ठेवलेल्या बंद बाटलीतील मातीत एक नेचा आणि थोडे गवत उगवले असून बाहेरून पाणी न घालताही ते जगत आहे. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या तयार केल्या आणि १८४२ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरचा कर रद्द झाल्यामुळे काच स्वस्त झाली आणि असे प्रयोग सामान्य घरांच्या आवाक्यात आले. समुद्री जीवांसाठी काचेच्या टाक्या वापरण्याचे काम त्याआधीच, १८३२ मध्ये, सिसिलीतील मेसिना येथे जान व्हिलप्रे-पॉवर या फ्रेंच संशोधिकेने केले होते. परंतु वनस्पतींच्या आधाराने पाणी टिकवण्याचा विचार प्रयोगाने तपासून मांडण्याचे श्रेय मुख्यतः लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांच्याकडे जाते.

वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये बारा गॅलनच्या, म्हणजे सुमारे पंचावन्न लिटरच्या टाकीत वाळू व चिखल घालून त्यात व्हॅलिस्नेरिया ही लांब, फितीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडते हे प्रीस्टली आणि इंगेनहाउस यांच्या अठराव्या शतकातील प्रयोगांमुळे माहीत होतेच, त्यामुळे माशांचा श्वास भागेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजका पाला खाल्ला, पाणी निवळले आणि त्यांची अंडी माशांचे खाद्य ठरली. १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडलेल्या या निरीक्षणांतून ‘समतोल मत्स्यपेटी’ची कल्पना पुढे आली, जिच्यात प्राणी, वनस्पती आणि कुजलेले संपवणारे जीव एकमेकांना तोलून धरतात. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे या विषयावरील पुस्तक आले, आणि १८५६ मध्ये जर्मनीत एमिल आडोल्फ रॉसमेस्लर यांनी गोड्या पाण्याच्या काचपेटीवर लिहिलेल्या लेखाने तिथेही हा छंद फोफावला.

समतोलाच्या या कल्पनेत एक मोठी उणीव होती : तिच्यात हिशेब प्राणवायूचा होता, उत्सर्जनाचा नव्हता. माशाचे शरीर कल्ल्यांवाटे अमोनिया टाकते, उरलेले अन्नही कुजून अमोनियाच देते, आणि हा पदार्थ अल्प प्रमाणातही माशाला घातक असतो. तो पाण्यातून कसा नाहीसा होतो, याचा उलगडा मत्स्यपालनातून न होता सांडपाण्याच्या अभ्यासातून झाला. १८७७ मध्ये श्लेझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश झिरपू दिले. पहिले वीस दिवस काहीच बदल झाला नाही. त्यानंतर मात्र अमोनियाच्या जागी नायट्रेट बाहेर पडू लागले, आणि क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली, ज्यावरून हे काम सजीवांचे आहे असे सिद्ध झाले. हाच धागा पुढे इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे ज्यांनी नेला, ते वर उल्लेखिलेल्या वॉरिंग्टन यांचेच पुत्र होते आणि त्यांचेही नाव रॉबर्ट होते. अमोनियापासून आधी नायट्राइट व मग नायट्रेट असे हे रूपांतर दोन टप्प्यांत आणि दोन निराळ्या जिवाणूंकडून होते, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की यांनी ते जिवाणू वेगळे करून दाखवले. वडिलांच्या टाकीत जे अदृश्यपणे घडत होते, त्याचे स्पष्टीकरण मुलाच्या पिढीत मिळाले, परंतु ते शेतीच्या मातीविषयीचे ज्ञान म्हणून नोंदले गेले आणि घरगुती मत्स्यपालकांपर्यंत पोहोचायला त्याला बरीच दशके लागली.

दरम्यान बेट्टा युरोपात पोहोचला होता. पॅरिसचे पिएर कार्बोनिए यांनी १८६९ मध्ये चीनमधून आलेल्या पॅराडाइज फिश या चक्रव्यूह-इंद्रियाच्याच दुसऱ्या माशाची यशस्वी पैदास केली होती आणि १८७० च्या दशकात बेट्टाही त्यांच्याकडे आला; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो जर्मनीत आणि नंतर अमेरिकेत गेला. १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आलेल्या माशांत फिकट अंगाचे व तांबड्या परांचे मासे निघाले. ती नवी जात आहे असे प्रथम वाटले, मात्र ती निवडीतून निर्माण झालेली रंगछटाच होती. पश्चिमेत माशाची झुंज मागे पडून त्याचे लांब, झालरीसारखे पर आणि गडद रंग महत्त्वाचे ठरले. या निवडीने सौंदर्य दिले, पण पोहणे अवघड केले. जड परांचा नर जोराच्या प्रवाहात दमतो. हवेतून श्वास घेता येतो एवढ्या एका गुणावर बोट ठेवून विक्रेत्यांनी त्याला पेल्यात आणि वाडग्यात ठेवले, तेव्हा एक साधी गोष्ट नजरेआड झाली : चक्रव्यूह-इंद्रिय प्राणवायूची उणीव भरून काढते, अमोनियापासून संरक्षण देत नाही.

या गैरसमजाचे टोक विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत गाठले गेले. फुलदाणीत पीस लिली हे शोभेचे झाड मुळे पाण्यात सोडून बसवायचे, खाली बेट्टा ठेवायचा आणि मासा मुळे खाऊन जगतो असे सांगायचे, अशी टूम तेव्हा लोकप्रिय झाली. बेट्टा हा किडे व त्यांच्या अळ्या खाणारा मांसाहारी मासा आहे आणि पीस लिली ही पाणवनस्पती नाही. शिवाय फुलदाणीच्या मुळांनी भरलेल्या निमुळत्या तोंडामुळे माशाला हवेपर्यंत पोहोचणेही कठीण होई. वॉरिंग्टन यांच्या समतोलाचे बाह्य रूप तेवढे उचलून त्याचा अर्थ टाकून दिल्याचे हे उदाहरण आहे.

खरी हिरवी टाकी निराळ्या वाटेने घडली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेदरलँड्समधील छंदिष्टांनी पाण्याखालच्या बागेची शिस्तबद्ध शैली विकसित केली. १९६० च्या दशकात सिलिकोनने जोडलेल्या निव्वळ काचेच्या टाक्या आल्या आणि गंजणाऱ्या धातूच्या चौकटी गेल्या. जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी १९९० च्या दशकात निसर्गदृश्यासारख्या टाक्या जगभर पोहोचवल्या. पहिल्या बेट्टासाठी सर्वांत उपयुक्त विचार मात्र अमेरिकेच्या डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ मधील पुस्तकात मांडला. अनेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियाच आधी शोषतात, त्यामुळे वाळूखाली साध्या मातीचा थर, पुरेसा उजेड आणि भरघोस लागवड असेल तर वनस्पती स्वतःच पाणी शुद्ध करणारे अंग ठरतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्याआधी दीडशे वर्षे लंडनमध्ये चिखलात लावलेली व्हॅलिस्नेरिया प्राणवायूखेरीज हेही काम करीत होती, ही गोष्ट यातून उलगडते.

त्यामुळे आज नवशिक्याला सांगितल्या जाणाऱ्या प्रत्येक सूचनेमागे या इतिहासाचा एकेक भाग उभा आहे. मासा आणण्यापूर्वी टाकी चार ते सहा आठवडे चालवावी, कारण जिवाणूंची वस्ती वाढायला वेळ लागतो, जसा तो श्लेझिंग आणि म्युंट्झ यांच्या नळीत लागला होता. या काळात अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की टाकी तयार झाली असे समजतात. पाणी २५ ते २७ अंश सेल्सिअस ठेवावे, कारण मासा उष्ण खाचरांतला आहे. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात यासाठी हीटर लागतो, तर कोकणात बहुतेक महिने त्याची गरज भासत नाही. फिल्टरचा प्रवाह मंद असावा, पृष्ठभाग मोकळा असावा, वर झाकण असावे, आणि दुसरा नर कधीही सोडू नये. अन्युबियस आणि जावा फर्न यांची आडवी खोडे मातीत न पुरता लाकडाला वा दगडाला बांधावीत, अन्यथा ती कुजतात. क्रिप्टोकोरिन मात्र मुळांवाटे पोसली जात असल्याने मातीत लावावी. या शेवटच्या वनस्पतीच्या काही जाती कोकणातील ओढ्यांच्या पात्रात रानटी वाढतात, ही गोष्ट मराठी छंदिष्टांनी जाणून घेण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात माशांच्या काचपेट्यांविषयीचे सार्वजनिक कुतूहल वाढवण्यात १९५१ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाचा मोठा वाटा आहे. घरगुती बाजारात मात्र बेट्टा अजूनही प्लास्टिकच्या पिशवीत किंवा छोट्या काचेच्या डब्यात मांडलेला दिसतो, आणि विकत घेणाऱ्यालाही तेवढेच पाणी पुरे वाटते. थायलंडने २०१९ मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. तो बहाल करताना ज्या परंपरेचा गौरव झाला, तिचे सार माशाच्या सूक्ष्म निरीक्षणात आणि रोजच्या काळजीत आहे, भांड्याच्या आकारात नाही. सयामच्या पालकाने जे काम हातांनी केले, ते आज वनस्पती, जिवाणू आणि आठवड्याला बदललेले थोडे पाणी यांच्यावर सोपवता येते, पण त्यासाठी पाण्याचे पुरेसे आकारमान आणि आरंभीचे काही आठवडे द्यावेच लागतात. वाडग्यात मासा काही काळ जगतो यावरून त्याला वाडगा मानवतो असे सिद्ध होत नाही; चारशे वर्षांच्या पैदाशीने आणि पावणेदोनशे वर्षांच्या प्रयोगांनी मिळवलेले ज्ञान हाताशी असताना, पहिल्या माशासाठी निदान वीस लिटरची लावलेली टाकी सिद्ध करणे ही पालकाची किमान जबाबदारी ठरते.