ऋणावाचून पत नाही

ज्याने जन्मात कोणाचे एका पैचे देणे केले नाही, अशा मनुष्यास आपल्याकडील जुनी पिढी सज्जनांत अग्रगण्य समजत असे. परंतु असाच एखादा निष्कलंक गृहस्थ अमेरिकेत गेला, चांगल्या वेतनाच्या नोकरीस लागला, आणि घर घेण्यासाठी तेथील बँकेकडे गहाणकर्ज मागू लागला, म्हणजे त्यास मिळणारे उत्तर ऐकून तो चकित होतो. आपण आजवर कर्ज काढलेले नाही, म्हणून आपणांस कर्ज देणे कठीण आहे, असे ते उत्तर! मग कोणी जाणता स्नेही त्यास सांगतो की, एक क्रेडिट कार्ड घ्या, त्यावर दरमहा थोडीबहुत खरेदी करा, आणि बिल आले की मुदतीच्या आत ते सगळे फेडा; वर्ष-दोन वर्षे असे केलेत म्हणजे आपली पत उभी राहील. पुण्यामुंबईहून तिकडे गेलेल्या कितीतरी मराठी तरुणांनी हा विधी यथासांग पार पाडला आहे. तो रूढ कसा झाला, ह्याचा इतिहास आमच्या मते राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच जाणून घेण्याजोगा आहे.

परक्याच्या पतीविषयी माहिती विकण्याचा धंदा पद्धतशीरपणे सुरू केला तो न्यूयॉर्क येथील लुइस टॅपन ह्या व्यापाऱ्याने. हा गृहस्थ कडवा धर्मनिष्ठ आणि गुलामगिरीचा हाडवैरी होता. ‘आमिस्ताद’ जहाजावरील आफ्रिकी बंदिवानांच्या सुटकेसाठी ज्यांनी खटपट केली त्यांत तो अग्रभागी होता. त्याच्या भावाची रेशमाची मोठी पेढी 1837 च्या आर्थिक अरिष्टात कोसळली, कारण दूरदूरच्या दुकानदारांस उधार दिलेला माल बुडाला. ह्या अनुभवातून 1841 साली त्याने ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली. गावोगावचे वकील त्याचे वार्ताहर असत. अब्राहम लिंकन हेही, अध्यक्ष होण्यापूर्वी, त्यांपैकी एक होते असे सांगतात. हे वार्ताहर आपल्या टापूतील दुकानदारांविषयी लिहून पाठवीत आणि न्यूयॉर्कच्या कचेरीत ते सर्व जाड वह्यांत उतरून ठेवले जाई. अमका मद्यपी आहे काय, तमक्याच्या बायकोचे माहेर सधन आहे काय, धंद्यात मन आहे की जुगारात, असल्या गोष्टींची त्यांत रेलचेल असे. ह्या वह्या अडीच हजारांवर असून आज त्या हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत.

आपल्याकडील सराफासही पत पारखावी लागतच असे. दूरच्या शहरी हुंडी सिकारली जाईल की नाही, हे हुंडी लिहिणाराच्या नावावर अवलंबून असे. पण सराफाची ती जाण त्याच्या डोक्यात आणि त्याच्या जातभाईंत राहत असे. ती विकत मिळत नसे. टॅपनने नवे काय केले असेल, तर मनुष्याचा लौकिक त्या मनुष्यापासून वेगळा काढून त्याची बाजारात विक्री केली.

प्रथम ही चौकशी व्यापाऱ्यांपुरतीच होती. सामान्य ग्राहकाची पाळी पुढे आली. 1899 साली अटलांटा येथे वुलफर्ड बंधूंनी ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ स्थापली. हीच आज एक्विफॅक्स ह्या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा कचेऱ्यांजवळ लक्षावधी कुटुंबांची दप्तरे साठली, आणि त्यांत देण्याघेण्याबरोबर शेजाऱ्यांच्या कुजबुजीचाही भरणा झाला. ज्याच्याविषयी लिहिले त्यास ते दप्तर पाहण्याचा अधिकार नव्हता, मग त्यातील चूक तो सुधारणार कशी? ह्याविषयी बराच गवगवा झाल्यावर 1970 साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून नागरिकास आपली नोंद पाहण्याचा व तिच्यावर हरकत घेण्याचा हक्क दिला. पतीच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा दिवस, असे आम्ही समजतो.

दरम्यान दोन गोष्टी एकाच सुमारास पण निरनिराळ्या ठिकाणी घडत होत्या. 1956 साली बिल फेअर नावाचा एंजिनियर आणि अर्ल आयझॅक नावाचा गणिती ह्यांनी प्रत्येकी 400 डॉलर घालून एक छोटी कंपनी काढली. ऋणकोची तोंडओळख वा चारित्र्य बाजूस ठेवून, पूर्वीच्या हजारो कर्जदारांच्या वर्तनावरून नव्याच्या परतफेडीचा संभव गणिताने काढावा, ही त्यांची कल्पना होती. सावकारांनी तिचे प्रथम फारसे स्वागत केले नाही. दुसरी गोष्ट 1958 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहरी घडली. बँक ऑफ अमेरिकेने तेथील सुमारे 60,000 घरी, कोणी मागितले नसताना, टपालाने क्रेडिट कार्डे पाठवून दिली! शंभरात चार लोक पैसे थकवितील असा चालकांचा अंदाज होता. पुढे थकबाकीदारांचे प्रमाण बाविसावर गेले, आणि बँकेस लक्षावधी डॉलरांची खोट आली. तरी कार्ड टिकले, कालांतराने ‘व्हिसा’ हे नाव धारण करून जगभर पसरले. (न मागता कार्ड पाठविण्यास 1970 साली बंदी झाली.) ह्या कार्डामुळे प्रत्येक घराच्या दरमहाच्या परतफेडीची अखंड नोंद होऊ लागली, आणि फेअर-आयझॅक ह्यांच्या गणितास जे खाद्य हवे होते ते आयते मिळाले.

घराच्या कर्जाची कथा मात्र फार काळ वेगळीच चालली. 1930 नंतरच्या मंदीत अमेरिकन सरकारने गहाणकर्जांस आधार दिला खरा, पण त्या कामी शहरांचे जे नकाशे तयार झाले त्यांत सर्वांत धोक्याच्या वस्त्या तांबड्या रंगाने दाखविल्या होत्या, आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा त्याच रंगात पडत. तेथे कर्जदार कितीही सचोटीचा असो, त्याची पत त्याच्या गल्लीवरून ठरे. असा भेदभाव कायद्याने बंद होण्यास 1968 साल उजाडावे लागले. स्त्रियांची कथाही काही निराळी नव्हती. मराठीत पत आणि पती हे शब्द एकमेकांस लागून आहेत, पण तिकडे तर व्यवहारच तसा होता: पत्नीची कमाई कर्जासाठी मोजताना तीत काटछाट होई, आणि तिच्या अर्जावर नवऱ्याची सही मागितली जाई. नवरा वारला वा सोडून गेला, म्हणजे वीस वर्षे घरखर्च नेटका चालविलेल्या बाईच्या नावावर एकही नोंद नसे. 1974 च्या समान पतसंधीच्या कायद्याने हे निषिद्ध ठरविले. पुढे नियमांनी असेही घडवून आणले की, जोडप्यातील दोघेही जे खाते वापरतात त्याची नोंद दोघांच्याही नावे व्हावी.

1989 साली फेअर-आयझॅक कंपनीने सर्व धनकोंस उपयोगी पडेल असा एकच अंक प्रचारात आणला. तो 300 पासून 850 पर्यंत असतो. 1995 साली गहाणकर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे व फ्रेडी मॅक ह्या दोन प्रचंड संस्थांनी तो अंक पाहण्याची शिफारस केली, आणि तेव्हापासून घराचे दार ह्या अंकाच्या किल्लीने उघडू लागले. त्याची घडण पाहिली म्हणजे कार्डाचा विधी का सांगतात ते कळते. शंभरांपैकी 35 भाग वेळेवर फेडीचे, 30 भाग देण्याच्या प्रमाणाचे, 15 भाग नोंद किती जुनी आहे ह्याचे, आणि उरलेले 10-10 भाग नव्या अर्जांचे व कर्जांच्या विविधतेचे. निदान एक खाते सहा महिन्यांचे जुने झाल्याखेरीज अंकच निघत नाही. म्हणून नवख्याने प्रथम ठेव तारण देऊन मिळणारे कार्ड घ्यावे, मर्यादेच्या थोड्याच भागाइतकी खरेदी करावी, आणि घराच्या अर्जाच्या तोंडावर नवी कार्डे मागत सुटू नये. थोडी बाकी ठेवून व्याज भरले म्हणजे पत वाढते, हा समज मात्र निव्वळ भ्रम आहे. व्याजाने सावकाराचे पोट भरते, अंकात एका गुणाची भर पडत नाही.

हा अंक न्याय्य आहे काय? वकिलाने लिहिलेल्या कुजबुजीपेक्षा तो निश्चित बरा आहे, कारण त्यास जात, रंग, लिंग दिसत नाही. पण जे दिसावयास हवे तेही त्यास दिसत नाही. तीस वर्षे महिन्याच्या पहिल्या तारखेस घरभाडे देणारी विधवा आणि काल विमानातून उतरलेला उधळ्या तरुण हे दोघेही त्याच्या लेखी सारखेच, म्हणजे शून्याहूनही अज्ञात. जो उसने घेतो त्याचीच सचोटी मोजता येते, न घेणाऱ्याची येत नाही, ही ह्या मापाची उणीव आहे. तिला मनुष्याची उणीव समजणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

आता हे माप आपल्या दारीही आले आहे. 2000 साली मुंबईत सिबिल स्थापन झाली, 2005 साली पतविषयक माहितीच्या संस्थांचा कायदा झाला, आणि आज घराचे कर्ज मागणाऱ्या मराठी कुटुंबास 300 ते 900 मधील आपला अंक विचारला जातो. येथील हा अंक अमेरिकेतील दप्तरी आपोआप जात नाही; साता समुद्रापलीकडे गेलेल्यास तेथे पहिल्यापासूनच श्रीगणेशा करावा लागतो.

त्या विधवेच्या बाबतीत अलीकडे थोडा पालट झाला आहे. 2021 च्या सप्टेंबरापासून फॅनी मे ही संस्था प्रथमच घर घेणाऱ्या अर्जदाराच्या बँकखात्यातील उतारे, त्याची संमती असल्यास, पाहू लागली. त्यांत बारा महिने नियमाने दिलेले भाडे आढळले, तर ते त्याच्या बाजूने धरले जाते, आणि चुकलेल्या भाड्याचा बोल मात्र ह्या तपासणीत त्यास लावला जात नाही.