माळ्यावरचं काडतूस

जुन्या वाड्याचा माळा आवरताना अंगठ्याएवढं पितळी नळकांडं सापडलं, की आपण ते मोडीत घालतो. ते काडतूस असू शकतं. दीडशे वर्षांपूर्वीची रिव्हॉल्वरची काडतुसं हौसेनं जमवणारी माणसं जगभर आहेत.

आधी काडतूस म्हणजे कागदाची पुडी, आत दारू आणि शिशाची गोळी. १८५७ साली शिपाई बिथरले ते बंदुकीच्या अशाच चरबी लावलेल्या पुडीवरून. ही कागदी काडतुसं आज फार दुर्मिळ. उडवायलाच केलेली, आणि उरली ती वाळवीनं सोडली असतील तर! पुढं पितळी आली. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. बुडाशी ठोकलेल्या खुणांवरून जमवणारे कारखाना ओळखतात.

आपल्या वऱ्हाडात १८५३ पासून इंग्रजांचा अंमल. १८७८ च्या कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी झाली. गोऱ्या साहेबाला मात्र परवाना लागत नसे. म्हणून काडतूस निघालं तर आम्ही किंमत नंतर विचारू. ते या घरात आलं कसं? परवान्यानं, की लपवून? घरातल्या आजीला विचारा.

पण आधी एक. आतली दारू जुनी झाली तरी पेटू शकते, बुडावर ठोका बसला तरी बार उडतो. चिंच लावून घासू नका, भंगारात देऊ नका. १९५९ चा शस्त्र कायदा काडतुसालाही लागतो. पोरांना बाहेर काढा, हात न लावता पोलीस पाटलांना बोलवा, नाहीतर ११२ लावा.