नागपूर शहराचे ऐतिहासिक दर्शन : स्थळांचा क्रम आणि त्याचा अर्थ

नागपुरास येणारा प्रवासी सामान्यतः रेल्वे स्थानकाच्या पश्चिम दाराने बाहेर पडतो आणि त्याच दिशेने पुढे जातो. सीताबर्डीची टेकडी, शून्य मैलाचा स्तंभ, विधानभवन, अजबबंगला व दीक्षाभूमी ही स्थळे त्यास दाखविली जातात. ही सर्व स्थळे पाहण्याजोगी आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांवरून शहराचा इतिहास 1817 च्या लढाईपासून सुरू झाला, असा समज सहज होतो. त्यापूर्वीचे शतकाहून अधिक कालाचे नागपूर लोहमार्गाच्या पूर्वेस आहे आणि ते बहुधा पाहावयाचे राहून जाते.

ऐतिहासिक नगरांच्या रचनेत याबाबत मोठा फरक आढळतो. स्पेनमधील सेव्हिल येथे बाराव्या शतकातील मशिदीचा मिनार पुढे ख्रिस्ती प्रार्थनामंदिराचा घंटामनोरा झाला. तेथे एका राजवटीचा थर दुसरीच्या थरावर चढला आणि एकाच वास्तूत प्रेक्षकास दोन्ही दिसतात. नागपुरात थर एकमेकांवर चढले नाहीत, ते शेजारी शेजारी पसरले. येथे प्रत्येक नव्या सत्तेने जुन्या वस्तीच्या बाजूस, बहुतांशी पश्चिमेकडे, आपले ठाणे मांडले. म्हणून या शहराचा कालक्रम वाचावयाचा तर पूर्वेकडून पश्चिमेकडे चालावे लागते.

आरंभ गोंड राजवटीपासून होतो. देवगडचा राजा बख्त बुलंद शाह हा औरंगजेबाच्या दरबारी जाऊन आलेला होता. त्याने नाग नदीच्या परिसरातील बारा लहान वस्त्या एकत्र करून 1702 च्या सुमारास हे नगर वसविले, असे मानले जाते. त्याचा उत्तराधिकारी चांद सुलतान याने राजधानी येथे आणली, नगरास तट घातला आणि जुम्मा तलाव बांधविला. तट आज उरलेला नाही. तलाव मात्र आहे. तो शुक्रवारी तलाव व आता गांधीसागर या नावांनी ओळखला जातो. सक्करदरा, हिवरी, फुटाळा, सीताबर्डी ही मूळ वस्त्यांची नावे आजही शहरात रूढ आहेत. वास्तू नष्ट झाल्यावर स्थलनामे हेच मुख्य साधन राहते, याचे हे उदाहरण होय.

चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचा कलह माजला. त्यात पहिले रघूजी भोसले यांनी हस्तक्षेप केला आणि 1743 मध्ये सत्ता आपल्या हाती घेतली. गोंड राजास मात्र त्यांनी पदच्युत केले नाही. नाममात्र राजपद व नेमणूक देऊन त्याचे घराणे शहरातच ठेवले. भोसल्यांचे नगर म्हणजे आजचा महाल भाग. तेथील कोरीव लाकूडकामाने नटलेला राजवाडा 1864 मध्ये आगीत भस्मसात झाला. त्यापूर्वी दहा वर्षे, म्हणजे 1854 मध्ये, तिसऱ्या रघूजींना औरस पुत्र नसल्याचे निमित्त करून डलहौसीने राज्य खालसा केले होते. राज्यामागोमाग राजवाडाही गेला. त्यामुळे महालात भव्य अवशेष शोधणाऱ्याची निराशा होते. गल्ल्यांची रचना, वाडे, देवळे व काशीबाई मंदिराच्या आवारातील राजघराण्याच्या समाध्या यांवरूनच त्या काळाची कल्पना करावी लागते.

या दोन नगरांच्या सीमेवर जुम्मा दरवाजा उभा आहे. आज त्यास गांधीद्वार म्हणतात. 26 व 27 नोव्हेंबर 1817 रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याचा इंग्रजांकडून पराभव झाला. टेकडीवरील किल्ला त्यानंतर इंग्रजांनी बांधला. परंतु युद्ध तेथे संपले नव्हते. डिसेंबरात शहरास वेढा पडला आणि 24 तारखेस जुम्मा दरवाज्यावर झालेला इंग्रजांचा हल्ला आतील अरब शिबंदीने परतविला. शेवटी अटी ठरवून शिबंदी शहराबाहेर पडली. विजेत्यांचे स्मारक टेकडीवर ठळक दिसते. त्यांना रोखणारा दरवाजा रहदारीत दुर्लक्षित राहतो. अभ्यासकाने ही दोन्ही स्थळे एकाच दिवशी पाहावीत. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने ठराविक दिवशीच सामान्यांस खुला होतो, हे ध्यानात ठेवावे.

शून्य मैलाच्या स्तंभाविषयीचा समजही तपासून घेण्यासारखा आहे. हे स्थान अखंड हिंदुस्थानचा मध्यबिंदू होय, असे सर्रास सांगितले जाते. तथापि तेथील शिलेवर त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची 1907 ची नोंद आहे आणि ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची, 1020.171 फुटांची आहे. उंचीची खूण व देशाचा मध्यबिंदू या भिन्न गोष्टी असून एकीवरून दुसरी सिद्ध होत नाही. 1863 मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच अजबबंगला, त्या मानाने अधिक भरवशाचे साधन आहे. विदर्भाचा प्राचीन इतिहास तेथील कोरीव लेख, नाणी व मूर्ती यांतून समजतो.

सर्वांत अलीकडचा थर दीक्षाभूमीचा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. भव्य स्तूपाचे उद्घाटन 2001 मध्ये झाले. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नागपूरच का निवडले, याचे कारण सांगताना बाबासाहेबांनी बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा व येथील नाग नदीचा निर्देश केला. ज्या नदीकाठी गोंड राजाने नगर वसविले, तिच्याच नावाला या घटनेने नवा अर्थ दिला.

केवळ वास्तूंवर भिस्त ठेवणे मात्र पुरेसे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्व नागपुरातून काळी व पिवळी मारबत निघते. काळ्या मारबतीचा संबंध लोकपरंपरा भोसले घराण्यातील बाकाबाईशी जोडते. या समजुतीस कागदोपत्री पुराव्याचे मोल देता येणार नाही. तरी राज्य गेल्याचा सल जनमनात कसा टिकला, याची ती निश्चितच साक्ष आहे. राजवाडा जळाला, तट पडला; स्मृती मात्र दरवर्षी मिरवणुकीने रस्त्यावर येते. नागपूर पाहणाऱ्याने आपला प्रवास जुम्मा तलावापासून सुरू करून दीक्षाभूमीवर संपवावा. उलट क्रमाने पाहिल्यास स्थळे तीच दिसतील, परंतु इतिहास अपुरा राहील.