फोटोशॉप सेव्हन का मरत नाही

१९९५ साली विंडोज ९५ आलं आणि पहिल्या दिवसापासून ते आपल्या आवृत्तीबद्दल थाप मारू लागलं. जुने प्रोग्राम सुरू होताना आधी चौकशी करतात, की ही विंडोज कितवी? खरं उत्तर होतं ४.०. पण ३.१० साठी लिहिलेल्या कित्येक प्रोग्रामांत तपासणी अशी होती: टिंबाआधीचा आकडा निदान ३ हवा आणि टिंबानंतरचा निदान १०. आता ४.० मध्ये टिंबानंतर शून्य. शून्य दहापेक्षा लहान, म्हणजे ही विंडोज जुनाट, असं ठरवून प्रोग्राम बंद पडायचा. चूक प्रोग्राम लिहिणाऱ्याची, पण गिऱ्हाईक शिव्या देणार मायक्रोसॉफ्टला. कालपर्यंत चालत होतं ते तुमची नवी विंडोज टाकल्यावर बंद पडलं, असंच तो म्हणणार. म्हणून विंडोज ९५ जुन्या प्रोग्रामांना सांगायचं, 'मी ३.९५.' पंचाण्णव दहापेक्षा मोठे. प्रश्न मिटला.

तालुक्याच्या गावी फ्लेक्सच्या दुकानात किंवा फोटो स्टुडिओत नव्या संगणकावर फोटोशॉप ७.० उघडलेलं दिसतं, त्याचं मूळ या थापेत आहे. हे सॉफ्टवेअर २००२ सालचं. त्याला लागायची १२८ एमबी रॅम, आणि ते चालायचं विंडोज ९८ पासून एक्सपीपर्यंत. त्यानंतर व्हिस्टा, सेव्हन, एट, टेन, इलेव्हन एवढ्या विंडोज येऊन गेल्या. ज्यांच्यासाठी ते लिहिलं गेलं त्या सगळ्या विंडोज निवृत्त झाल्या, हे मात्र कामावर आहे.

फोटोशॉपचं मूळ घराणं विंडोजचं नव्हेच. टॉमस नॉल मिशिगन विद्यापीठात पीएचडी करत होता आणि १९८७ मध्ये त्याने आपल्या मॅक प्लसच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखवण्यासाठी काही छोटे प्रोग्राम लिहिले. भाऊ जॉन 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक'मध्ये चित्रपटांच्या करामती करत होता. त्याने हे पाहिलं आणि यातून पुरा प्रोग्राम करायचा लकडा टॉमसच्या मागे लावला. सुरुवातीला ते बार्नीस्कॅन नावाच्या स्कॅनरबरोबर विकलं गेलं. मग अडोबीने हक्क घेतले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये १.० बाजारात आलं, तेही फक्त मॅकसाठी. विंडोजच्या वाट्याला ते २.५ पासून आलं. २०१३ मध्ये १.० च्या काळाचा मूळ कोड अमेरिकेतल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने लोकांना पाहायला खुला केला. सुमारे १,२८,००० ओळी. त्यातल्या तीन चतुर्थांश पास्कलमध्ये आणि उरलेल्यांपैकी बहुतेक थेट ६८००० या प्रोसेसरच्या भाषेत. वेग हवा तर यंत्राच्या इतकं जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की यंत्र बदलताना कातडी सोलवटते.

७.० मध्ये 'हीलिंग ब्रश' पहिल्यांदा आला. मुरुम, देवीचे वण, जुन्या फोटोवरची बुरशी, घडीची रेघ, सगळं आजूबाजूच्या कातडीचा पोत घेऊन भरून निघायचं. त्याआधी हे काम क्लोन स्टॅम्पने डागडुजी करत व्हायचं आणि ठिगळ दिसायचं. लग्नाचे अल्बम आणि पासपोर्ट फोटो यांवर पोट असलेल्या माणसाला याहून जास्त काही लागत नव्हतं. खरं सांगायचं तर आजही लागत नाही.

आता पुन्हा थापांकडे. विंडोज ९५ बनत असताना सिमसिटी हा लोकप्रिय खेळ त्यावर कोसळत होता. कारण सापडलं ते असं: खेळ मेमरीचा एक तुकडा 'आता नको' म्हणून परत करायचा आणि लगेच त्याच तुकड्यातून वाचायचा. जुन्या विंडोजमध्ये परत केलेला तुकडा जागच्या जागी पडून असायचा, म्हणून खपून जायचं. मायक्रोसॉफ्टच्या माणसांनी खेळाच्या लेखकाला दोष देत बसण्याऐवजी विंडोजमध्येच सोय केली: सिमसिटी चालू असेल तर परत आलेली मेमरी लगेच मोकळी करायची नाही. एका खेळासाठी आख्ख्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये खास कलम!

२००१ मध्ये एक्सपीने असल्या कलमांना रीतसर दार दिलं. प्रोग्रामवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, आणि तिथे यादी: कुठली विंडोज असल्याची बतावणी करायची ते निवडा. आत जे घडतं ते सुताराने डगमगणाऱ्या चौकटीत पाचर ठोकावी तसं. प्रोग्राम आणि विंडोज यांच्या मध्ये एक पातळ तुकडा बसवला जातो. प्रोग्रामची विनंती तो अडवतो, जुन्या पद्धतीचं उत्तर देतो, आणि दोघांनाही हात लावत नाही. माहीत असलेल्या अडेलतट्टू प्रोग्रामांची यादी आणि प्रत्येकाची पाचर विंडोज स्वतःजवळ बाळगतं. पुष्कळदा आपण काहीही न निवडता ती लागलेली असते.

पुढे ही सवय हाडीमासी खिळली. विंडोज ७ ने आतल्या नोंदीत स्वतःला ६.१ म्हणवलं, कारण व्हिस्टा ६.० होतं आणि पहिला आकडा बदलला की पुन्हा तीच बोंब. ८.१ पासून तर थाप हाच नियम झाला: 'मला नवी विंडोज ठाऊक आहे' असं प्रोग्रामने आपल्या कागदपत्रांत लिहून ठेवलं नसेल तर त्याला आठच सांगायचं. विंडोज ११ आजही आतून १०.० आहे.

व्हिस्टाने मात्र एक खरी अडचण आणली. तोवर घरोघरी प्रत्येकजण आपल्या संगणकाचा पाटील होता. कुठलाही प्रोग्राम कुठेही लिहू शकायचा. २००७ पासून प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमध्ये आणि विंडोजच्या नोंदवहीच्या, म्हणजे रजिस्ट्रीच्या, सामायिक भागात लिहायला परवानगी लागू लागली. जुन्या प्रोग्रामांना हा कायदा माहीत नाही. ते बिनधास्त लिहायला जातात, मग विंडोज पुन्हा फसवतं: लिहिलेलं मुकाट्याने वापरणाऱ्याच्या खात्यातल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात वळवतं आणि प्रोग्रामला सांगतं, 'झालं हं, तिथेच ठेवलं.' फोटोशॉप ७.० उघडताना 'युजर नेम, ऑर्गनायझेशन किंवा सीरियल नंबर नाही किंवा चुकीचा आहे' असं म्हणत बंद पडतं, ते याच परवानगीच्या घोळातून. दुकानातल्या पोराला यातलं काही सांगता येणार नाही, पण उपाय तोंडपाठ असतो: 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कर ना.' आणि बहुतेकदा चालतं.

दुसरी तक्रार डोळ्यांची. फोर-के पडद्यावर ७.० ची टूलबार मुंगीएवढी दिसू शकते, कारण तिची चित्रं ठरावीक ठिपक्यांची आहेत. २०१७ च्या विंडोज १० मध्ये त्याच कम्पॅटिबिलिटीच्या पानावर डीपीआयचा एक पर्याय आला, 'सिस्टिम (एन्हान्स्ड)'. मग प्रोग्रामला वाटतं पडदा जुनाच आहे, आणि विंडोज बाहेरून मोठं करून दाखवतं. अक्षरं बरी दिसतात, चिन्हं थोडी भुरकट. फोटो तपासायचा तर हा पर्याय काढून टाकलेला बरा, नाहीतर फोटोही फुगवलेलाच दिसतो आणि शार्पनेसचा अंदाज चुकतो.

रॅम जास्त असणं हाही आजार असू शकतो, हे फोटोशॉपवाल्यांनाच कळलं. फोटोशॉपची नंतरची आवृत्ती सीएस ६ विंडोज १० वर चालवताना मेमरीची सेटिंग बदलायला गेलं की निरोप यायचा: '९६ आणि ८ यांच्या दरम्यानचा पूर्णांक हवा.' असा आकडा शोधून काढणाऱ्याला गणिताचं पारितोषिक द्यायला हवं. झालेलं असं की नव्या विंडोजमधली मेमरी त्या आवृत्तीला नीट मोजता येत नव्हती. उपायही थापेचाच: रजिस्ट्रीत एक नोंद घालून सांगायचं, 'तुझ्याकडे एवढीच मेमरी आहे.' मग ते गपगुमान कामाला लागतं.

एका गोष्टीला मात्र थाप नाही. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटचे प्रोग्राम चालतात, १६ बिटचे नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच आलं. त्यातही गंमत अशी, की नव्वदच्या दशकातले काही प्रोग्राम स्वतः ३२ बिटचे, पण त्यांना बसवणारा सेटअप १६ बिटचा. ठरावीक जुने सेटअप विंडोज ओळखतं आणि हळूच त्यांच्या जागी ३२ बिटचा पर्यायी सेटअप चालवतं. ड्रायव्हरचं तसं नाही. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजमध्ये बसतच नाही, म्हणून ७.० जगतं आणि त्याच्याबरोबर घेतलेला स्कॅनर माळ्यावर जातो.

ॲपलचा खाक्या वेगळा: जुन्याला काही वर्षं आसरा द्यायचा आणि मग निरोपाचा नारळ. १९९४ मध्ये प्रोसेसर बदलला तेव्हा जुन्याची नक्कल करणारी सोय दिली. २००१ च्या मॅक ओएस टेनमध्ये 'क्लासिक' दिलं, ते २००७ मध्ये काढलं. २००६ मध्ये इंटेल प्रोसेसर आले तेव्हा 'रोझेटा' दिलं, २०११ मध्ये काढून घेतलं. त्याबरोबर मॅकवरचं फोटोशॉप ७.० संपलं. २०१९ च्या कॅटालिनाने ३२ बिट बंद केलं आणि सीएस ६ अडकलं. फोटोशॉप स्वतः ६४ बिटचं होतं, पण त्याचा सेटअप आणि परवाना तपासणारे भाग ३२ बिटचे. मला ही रीत निष्ठुर वाटते, पण ॲपलच्या प्रणालीत सिमसिटीसाठी केली तसली कलमं तितकी साठत गेली नाहीत, हेही मान्य करावं लागतं.

लिनक्सवाल्यांनी तर विंडोजशिवाय विंडोजची बतावणी केली. 'वाइन' १९९३ मध्ये सुरू झालं आणि त्याचं १.० यायला २००८ उजाडलं. ते जाहीर करण्यासाठी जे प्रोग्राम नीट चालायलाच हवेत असं ठरलं होतं, त्यांत फोटोशॉप सीएस २ होतं. त्या कामाला गूगलने पैसे दिले होते.

पण हे सगळं ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाजूचं झालं. ७.० च का, हा प्रश्न उरतोच. आठवं, नववं का नाही? माझ्या मते उत्तर सरळ आहे. २००३ मध्ये पुढची आवृत्ती सीएस या नावाने आली, आणि विंडोजवर तिच्याबरोबर अ‍ॅक्टिव्हेशन आलं. ७.० ला एक सीरियल नंबर लागायचा. तो बरोबर की चूक हे ते स्वतःच्या स्वतः ठरवायचं, कुणाला विचारायला जायचं नाही. त्यानंतरच्या आवृत्त्या अडोबीच्या सर्व्हरला विचारू लागल्या. विंडोज आपल्या वयाची थाप मारू शकतं, दुसऱ्याच्या सर्व्हरच्या वतीने 'हो' म्हणू शकत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये अडोबीने सीएस २ चा अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केला. मग विकत घेतलेल्यांसाठी अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी प्रत नंबरासकट ठेवावी लागली, आणि 'अडोबीने फोटोशॉप फुकट केलं' अशी आवई उठली. २०१३ मध्ये फोटोशॉप यापुढे फक्त क्रिएटिव्ह क्लाउडच्या वर्गणीवर मिळेल अशी घोषणा झाली आणि सीएस ६ हे कायमचं विकत मिळणारं शेवटचं फोटोशॉप ठरलं. आपल्याकडच्या दुकानांतल्या किती ७.० ना पावती होती, हा विषय मी इथे काढत नाही.

महाराष्ट्रापुरतं आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत वजनदार वाटतं: देवनागरी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आणि सी-डॅकचे सुरेख, योगेश हे फॉण्ट त्या काळातले. त्यांत मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेले असायचे. फोटोशॉपला वाटायचं आपण इंग्रजी लिहितोय. पडद्यावर मात्र 'हार्दिक शुभेच्छा' उमटायचं. जसं दिसतं त्याच क्रमाने साठवलेलं, त्यामुळे फोटोशॉपला मराठी कळायची गरजच नव्हती.

युनिकोडने हा क्रम बदलला. तिथे 'र्दि' म्हणजे र, हलन्त, द आणि शेवटी वेलांटी. रफार उचलून द च्या डोक्यावर नेणं आणि वेलांटी द च्या आधी आणणं, हे काम सॉफ्टवेअरचं. ७.० ला ते येत नाही. त्यात युनिकोडचा 'हार्दिक' चिकटवला की र पाय मोडलेला उभा राहतो आणि वेलांटी क ला जाऊन लटकते. फोटोशॉपला हे नीट जमू लागलं ते क्रिएटिव्ह क्लाउडच्या काळात, प्रेफरन्सेसमध्ये 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' हा पर्याय निवडल्यावर. तोवर दहा-बारा वर्षांचे वाढदिवस, दहीहंड्या आणि निवडणुका श्री-लिपीत छापून झाल्या होत्या, आणि लग्नाच्या करिज्मा अल्बमच्या पीएसडींनी, म्हणजे फोटोशॉपच्या फाइलींनी, हार्ड डिस्क भरल्या होत्या. बदलायचं तर नुसतं फोटोशॉप नाही, सगळा कारखानाच बदलावा लागणार.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे आता पुष्कळ दुकानांत संगणक बदलतील. ७.० नव्या संगणकावर बहुधा चालेल. जुन्या पीएसडीतला मजकूर मात्र फॉण्ट नसेल तर बदलायला गेल्यावर रोमन अक्षरांचा काला होऊन समोर येईल. म्हणून संगणक बदलण्याआधी दोन कामं उरका: प्रत्येक पीएसडीच्या फोल्डरमध्ये तिच्या फॉण्टची फाइल ठेवा, आणि जपून ठेवण्यासारख्या कामांचा मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून शेजारी ठेवा.