खानदेशातील कलाशिक्षणाची वाट

माध्यमिक शाळेची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मुलास कोणत्या शाखेत घालावे, हा प्रश्न जून महिन्याच्या सुमारास घरोघरी उपस्थित होतो. विज्ञान, वाणिज्य व कला या त्या प्रमुख शाखा होत. पैकी कला शाखा म्हणजे इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भाषा असा अर्थ सर्वमान्य झाला आहे. चित्र, शिल्प, गायन व वादन यांचे शिक्षण हा त्या शब्दाचा अर्थ फारच थोड्यांच्या मनात येतो. नाव कलेचे राहिले आणि कला मात्र ओसरीवर बसली, असा हा चमत्कार आहे. तो कसा घडला, आणि ओसरीवरूनही काही मुले थेट दिवाणखान्यात कशी पोहोचली, हे समजून घेण्यास खानदेशाचा इतिहास फार उपयोगी पडतो.

खानदेश हा कापसाचा व केळीचा प्रदेश. इंग्रजी अमदानीत तो प्रथम एकच जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग करण्यात आले, आणि पुढे त्यांस जळगाव व धुळे ही नावे मिळाली. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निराळा झाला. मुंबईपासून दूर आणि शेतीव्यापारात गढलेल्या या भागात ललित कलांचे शिक्षण शोधावयास कोण जाईल, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु जगातील चित्रकलेचे एक महातीर्थ या प्रदेशाच्या उंबरठ्यावर आहे. अजिंठ्याची लेणी पूर्वी निजामाच्या मुलखात होती, आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. तथापि आगगाडीने येणारा प्रवासी जळगाव स्थानकावर उतरूनच तेथे जात आला आहे.

१८१९ साली ही लेणी इंग्रजांच्या दृष्टीस पडली. १८४४ साली मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यास तेथील चित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर नेमण्यात आले. त्याने वर्षानुवर्षे खपून तयार केलेल्या चित्रांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या स्फटिकप्रासादास लागलेल्या आगीत जळाली. हा मनुष्य १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळास आहे. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स हे आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्यास जात व चित्रे उतरवून घेत. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपास आलेले चित्रकार होते. १९०९ च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम यांच्या तुकडीत बंगालहून नंदलाल बोस व असितकुमार हालदार हे तरुण आले. मद्रास, मुंबई, कलकत्ता, लंडन अशा दूरदूरच्या ठिकाणांहून माणसे येऊन अजिंठ्यापाशी शिकून गेली. लेण्यांच्या शेजारच्या गावातील मुलास मात्र तेथे पोहोचविणारी शाळा नव्हती. कलेचे सान्निध्य आणि कलेचे शिक्षण या दोन भिन्न वस्तू आहेत, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

शिक्षणाची सोय होती ती मुंबईस. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून १८५७ साली तेथे कलाशाळा सुरू झाली. १८६५ साली लॉकवुड किपलिंग, ग्रिफिथ्स व हिगिन्स हे तीन शिक्षक विलायतेहून आले, आणि शिल्प, शोभेचे चित्रण व धातुकाम अशा तीन कार्यशाळा उघडण्यात आल्या. ही शाळा कारागिराच्या मुलासाठी आहे की चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या सुखवस्तू तरुणासाठी आहे, हा वाद तेव्हापासूनचा. १८९१ साली निघालेल्या रे कार्यशाळांत सुतारकाम, धातुकाम अशा हस्तव्यवसायांस स्थान मिळाले, तेही या वादाचेच फळ म्हणता येईल.

या शाळेचा खरा प्रसाद जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला तो रेखाकलेच्या परीक्षांच्या द्वारे. एलिमेंटरी व इंटरमीजिएट ही नावे महाराष्ट्रातील तीन-चार पिढ्यांच्या कानांस परिचित आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन असे त्यांचे विषय. परीक्षक परका, कागद सर्वांस सारखा आणि वेळ ठरलेला. त्यामुळे धुळ्याच्या वा अमळनेरच्या मुलाचा हात मुंबईच्या मुलाच्या हाताशी तोलला जाऊ लागला. इंटरमीजिएट उत्तीर्ण झालेल्यास कलाशाळेचे दार किलकिले होई, आणि तेथून चित्रकला-शिक्षकाची पदविका घेऊन आलेला तरुण पुन्हा एखाद्या हायस्कुलात ड्रॉईंग मास्तर होई. ही शिडी साधी होती, पायऱ्या थोड्या होत्या. पण त्या एकमेकींस जोडलेल्या होत्या.

शाळेतील प्रतिष्ठेच्या उतरंडीत मात्र ड्रॉईंग मास्तरांचे स्थान खालचेच असे. मॅट्रिकच्या निकालावर शाळेची अब्रू अवलंबून, आणि त्या निकालात इंग्रजी व गणित यांचे वजन मोठे. चित्रकलेचा तास म्हणजे इतर शिक्षकांनी राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी मागून घ्यावयाचा तास, अशी समजूत रूढ झाली. घरातील वडील मंडळींचा प्रश्नही एकच असे : चित्रे काढून पोट भरेल काय? तो प्रश्न निर्दयपणाचा नव्हता. दुष्काळ व सावकार यांच्या कात्रीत सापडलेल्या कुटुंबाने मुलाच्या भाकरीची चिंता करावी, हे स्वाभाविकच होते.

१९३६ च्या डिसेंबरात खानदेशाने कलेचे निराळे रूप पाहिले. राष्ट्रीय सभेचे ग्रामीण भागात भरलेले पहिले अधिवेशन पूर्व खानदेशातील फैजपूर येथे झाले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. मंडपाची व नगराची रचना खेड्यातील साधनांनी करावी, असा महात्मा गांधींचा आग्रह होता, आणि ते काम त्यांनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांजकडे सोपविले. सत्तावीस वर्षांपूर्वी अजिंठ्याची चित्रे उतरविण्यास आलेला तरुण आता आचार्य होऊन याच मुलखात परत आला, आणि बांबू, तट्ट्या व गवत यांतून त्याने टिळकनगर उभे केले. अध्यक्षांची मिरवणूक बैलांच्या सजविलेल्या रथातून निघाली. प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी गांधीजींनी या रचनेचे श्रेय नंदलालांस मोकळ्या मनाने दिले. आपल्या परसातील बांबूस असे रूप येऊ शकते, हे खेड्यापाड्यांतून जमलेल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले. कला ही श्रीमंतांच्या भिंतीवरची वस्तू आहे, या समजुतीस तो एक मोठा धक्का होता.

फैजपूरच्या अधिवेशनासाठी झटणाऱ्यांत खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी हे अग्रभागी होते. त्यांचे चिरंजीव मधुकरराव चौधरी पुढे महाराष्ट्राचे शिक्षणमंत्री झाले. त्याच खिरोदे गावी आज सप्तपुट ललित कला भवन आहे. चोपड्यासही ललित कला केंद्र आहे. मुंबईस न जाता कलेचे पद्धतशीर शिक्षण घेण्याची सोय तापीकाठी झाली, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु या वाटेचे सर्वांत ठळक उदाहरण पश्चिम खानदेशाने दिले. धुळ्याजवळील गोंदूर गावी १९ फेब्रुवारी १९२५ रोजी एका गरीब सुताराच्या घरी राम सुतार यांचा जन्म झाला. वडील गावचे सुतार. किकरा, वाकस व पटाशी ही हत्यारे मुलास खेळण्याच्या वयापासून परिचित असावीत, हे ओघानेच आले. अशा घरातील मुलगा वडिलांच्या व्यवसायात शिरतो आणि गाव त्यास चांगला कारागीर म्हणून ओळखते. बहुतेकांची कथा येथेच संपत असे. राम सुतार यांची कथा पुढे गेली, कारण रामकृष्ण जोशी हे गुरू त्यांस लाभले. मुलाच्या हातातील गुण जोशी यांनी ओळखला, त्यास वळण लावले आणि मुंबईच्या कलाशाळेत जाण्याची प्रेरणा दिली. १९५३ साली त्याच शाळेत राम सुतार यांनी शिल्पकलेतील मेयो सुवर्णपदक पटकाविले.

पदकाने पोट भरत नाही, हा वडीलधाऱ्यांचा आक्षेप येथेही लागू पडला असता. परंतु या विद्येस नोकरी होती. १९५४ ते १९५८ या काळात राम सुतार पुराणवस्तु खात्यात होते आणि वेरूळ व अजिंठा येथील भंगलेल्या प्राचीन शिल्पांच्या दुरुस्तीचे काम त्यांच्याकडे होते. ज्या लेण्यांपाशी शेजारच्या मुलास नेणारी शाळा शंभर वर्षांपूर्वी नव्हती, त्याच लेण्यांच्या दुरुस्तीस आता खानदेशातील सुताराचा मुलगा शिकूनसवरून आला. त्यानंतर दिल्लीस माहिती व नभोवाणी मंत्रालयात नोकरी करून त्यांनी ती सोडली व स्वतंत्र व्यवसाय पत्करला. चंबळा नदीवरील गांधीसागर धरणापाशी त्यांनी घडविलेली पंचेचाळीस फुटी चंबळादेवी, संसदेच्या आवारातील बैठे गांधीजी, आणि नर्मदेकाठचा १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा ही त्यांची कामे सर्वश्रुत आहेत. पटेलांच्या पुतळ्याचे अनावरण ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी झाले. १९९९ साली पद्मश्री, २०१६ साली पद्मभूषण आणि पुढे महाराष्ट्रभूषण असे सन्मान त्यांस लाभले. वयाची शंभर वर्षे पूर्ण करून डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी देह ठेवला.

याच्या उलट उदाहरण चाळीसगावचे. केकी मूस यांचा जन्म १९१२ सालचा, मुंबईच्या एका पारशी कुटुंबातला. घरची स्थिती बरी असल्याने त्यांस विलायती शिक्षण घेता आले. परत आल्यावर चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाशेजारील आपल्या घरातच त्यांनी १९८९ साली मृत्यू येईपर्यंतचे आयुष्य घालविले. मेजावर मांडलेल्या वस्तूंतून देखावा उभा करून त्याचे छायाचित्र घेण्याच्या कलेत त्यांनी मोठी कीर्ती मिळविली. शाळेची शिडी त्यांस लागली नाही. पण ज्याच्या घरी पैका नाही, त्याचा उद्धार शिडीवाचून होत नाही. मूस यांच्याशेजारी सुतार यांस उभे केले म्हणजे शाळेचे मोल ध्यानी येते.

राज्यकर्त्यांस हे अगदीच कळले नव्हते असे नाही. १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने, म्हणजे मुदलियार आयोगाने, वरच्या इयत्तांसाठी सात अभ्यासगट सुचविले. मानव्यविद्या, शास्त्र, तंत्र, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान असे ते गट. ललित कलेस शास्त्राच्या पंक्तीस बसविणारी ही योजना होती. प्रत्यक्षात प्रयोगशाळेसाठी पैसा निघाला, चित्रशाळेसाठी क्वचितच. १९६५ साली महाराष्ट्रात स्वतंत्र कला संचालनालय स्थापन झाले आणि रेखाकलेच्या परीक्षा त्याच्या देखरेखीखाली आल्या. १९७५ च्या सुमारास अकरावीपर्यंतची जुनी शालान्त पद्धती जाऊन दहा अधिक दोन हा आकृतिबंध आला. अकरावी-बारावीच्या विषयसूचीत चित्रकला, कलेचा इतिहास व रसग्रहण, संगीत यांस जागा मिळाली. पण सूचीत विषय असणे निराळे आणि गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात तो शिकविणारा असणे निराळे.

आज वाटा पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. बारावीनंतर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांची ललित कलेची पदवी घेता येते. उपयोजित कला, शिल्प, वस्त्रकाम, मातीकाम, धातुकाम, अंतर्गत सजावट असे तिचे फाटे आहेत. अभिकल्प म्हणजे डिझाइन शिकविणारी अहमदाबादची राष्ट्रीय संस्था १९६१ सालची, मुंबईच्या आय.आय.टी.तील केंद्र १९६९ सालचे. छापील पुस्तक, चित्रपट, संगणकावरील चलच्चित्रे, कारखान्यातील वस्तूचा आकार, संग्रहालयाची मांडणी, या सर्वांस शिकलेला हात लागतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला व विज्ञान यांच्यामधील भिंत कठीण असू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. पोट भरेल काय, या प्रश्नास आज अनेक उत्तरे देता येतात.

मग अडते कोठे? शिडीच्या अगदी खालच्या पायरीवर अडते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तेही पटावर शंभरांहून अधिक मुले असतील तर, कलाशिक्षणास अंशकालीन शिक्षक सांगितला आहे. रेखाकला परीक्षेच्या श्रेणीबद्दल दहावीस वाढीव गुण मिळू लागल्यापासून परीक्षार्थी वाढले. पण विज्ञान शाखेच्या प्रवेशासाठी चार गुण जोडावेत, हा हेतूही त्यात शिरला. कलेकडे नेणारी शिडी लोकांनी दुसऱ्याच भिंतीस लावली, असे म्हणावयाचे. गोंदूरच्या मुलास मुंबईचा रस्ता दाखविला तो त्याचा हात रोज पाहणाऱ्या एका माणसाने. आठवड्यातून दोन तास येऊन जाणाऱ्या शिक्षकास चाळीस मुलांचे हात कसे ओळखू यावेत?

ज्या सुशिक्षित घरी एखादे मूल वहीच्या समासात चित्रे काढीत बसते, तेथील वडीलधाऱ्यांनी शाखा ठरविण्यापूर्वी निदान दोन गोष्टी कराव्यात. मुलाच्या चित्रकलाशिक्षकास भेटून त्यांचे मत विचारावे. गुणपत्रिकेवर जे उमटत नाही ते त्यांच्या नजरेस आलेले असते. आणि अकरावीसाठी निवडलेल्या महाविद्यालयात चित्रकला वा संगीत शिकविणारा शिक्षक खरोखर आहे की नाही, हे चौकशी करून पाहावे. नसेल, तर तो नेमण्याची मागणी संस्थाचालकांपाशी करावी. शाळेची शोभा वाढावी एवढ्याचसाठी ही मागणी नाही. पुढल्या गोंदूरच्या मुलास रामकृष्ण जोशी भेटावेत, यासाठी ती आहे.