अबुकीरचे प्लग

दाबोळी विमानतळावर पाहुण्यांची वाट बघत उभा असलो की मला हटकून जिप्सी मॉथ आठवते. तिचा नि दाबोळीचा काय संबंध, म्हणाल. सांगतो.

जिप्सी मॉथ म्हणजे दोन आसनांचे हलके विमान. लाकडी सांगाडा, वर कापड, इंजिन १०० अश्वशक्तीचे. पंख मागे दुमडता येत, म्हणून ऐपतदार हौशी माणसे ते मोटारीसारखे विकत घेऊन ठेवीत. पुढे दोन चाके आणि शेपटीखाली नुसती एक दांडी. जमिनीवर नाक वर, त्यामुळे वैमानिकाला समोरचे दिसायचेच नाही. विमान नागमोडी न्यावे लागे. ब्रेकही नाहीत. उतरताना शेपूट जरा कलली की विमान गर्रकन फिरलेच!

इंग्लंड-भारत अंतर एकट्याने कापणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. १९३० साली जे.आर.डी. टाटा आपली मॉथ घेऊन कराचीहून निघाले, १७ वर्षांचा अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला पाहतात तर अस्पी स्पार्क प्लगांपायी अडून बसलेला. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून दिले. अस्पी काही तासांच्या फरकाने जिंकला!

लोक ही गोष्ट खिलाडूपणाची म्हणून सांगतात. मला तिचा पुढचा धागा अधिक ओढतो. अस्पी हवाई दलात गेले, १९६० च्या डिसेंबरात दलप्रमुख झाले. १८ डिसेंबर १९६१ रोजी कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, ते त्यांच्याच कारकिर्दीत.